रेलिगेशनच्या तोंडावर असलेल्या क्लबचा ऑनलाइन सीझन पास: वर्षभर वापरून मग लिहितोय

आधीच सांगतो, क्लबचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक पास बाजूला ठेवून क्लबवरून भांडत बसतात आणि मला पासबद्दल लिहायचंय. इंग्लंडमधल्या दुसऱ्या डिव्हिजनचा, म्हणजे चॅम्पियनशिपचा क्लब आहे, एवढं पुरे. ४६ पैकी ४५ मॅच झाल्यात, आम्ही २१ व्या नंबरवर, खालचे ३ जण, म्हणजे २२ व्यापासून पुढचे, खालच्या डिव्हिजनमध्ये उतरतात (हेच रेलिगेशन), आणि आमच्यात नि २२ व्या टीममध्ये फरक कशाचा तर फक्त गोल डिफरन्सचा, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले. त्यात मालकाचा झरा आटलाय, दोनदा पगार उशिरा झाले, नवीन प्लेअर घ्यायला लीगने एम्बार्गो, म्हणजे बंदी, लावलाय. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. तर अशा क्लबचा बाहेरच्या देशातल्या फॅन्ससाठीचा सीझन पास मी ऑगस्टमध्ये पूर्ण वर्षाचे पैसे एकदम भरून घेतला, त्यात लाइव्ह स्ट्रीम, रिप्ले, ऑडिओ कॉमेंट्री आणि वर मेंबरशिपचा एक डबा. आता एक मॅच उरलीय, म्हटलं लिहून टाकावं, उतरल्यावर लिहिलं तर रागात लिहीन आणि वाचलो तर सगळं माफ करून टाकीन.

पहिले स्ट्रीम, कारण पैसे मुख्यतः त्याचेच. पिक्चर चांगलंय, उगाच खोटं कशाला बोलू. घरच्या मॅचला तीन-चार कॅमेरे असतात, गोलचा रिप्ले दोन बाजूंनी दिसतो, ॲप टीव्हीवर नीट चालतं, एकदा लॉगिन केलं की परत परत पासवर्ड मागत नाही. बाहेरच्या मॅचला मात्र समोरच्या ग्राउंडवर जे असेल ते. एका मॅचला एकच कॅमेरा होता आणि धो धो पाऊस, लेन्सवर एक थेंब बसला तो शेवटपर्यंत कोणी पुसलाच नाही, पूर्ण सेकंड हाफ आमचा लेफ्ट बॅक त्या थेंबाच्या आत धावत होता. खरं सांगू, त्या दिवशी तो जसा खेळला ते बघता थेंबाने उपकारच केले.

सगळ्या मॅच दिसतील असं मात्र समजू नका. टीव्ही चॅनेलने मॅच उचलली की ती पासवरून गायब, आणि हे खरेदीच्या पानावर एकदम खाली बारीक अक्षरात लिहिलंय. शनिवार दुपारच्या मॅच आपल्याला दिसतात ही गंमत आहे, कारण खुद्द ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच लाइव्ह फुटबॉल दाखवत नाहीत, लोकांनी घरी न बसता ग्राउंडवर यावं म्हणून तो जुना नियम. म्हणजे स्टेडियमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या फॅनला घरबसल्या मॅच दिसत नाही आणि मी, जो आयुष्यात त्या ग्राउंडवर गेलो नाही, मला सगळं दिसतं. हा पास घेताना मला पहिल्यांदा जरा ओशाळल्यासारखं झालं ते ह्यामुळे.

आता खरी तक्रार. लॅग. व्हिडिओ खऱ्या मॅचच्या मागे चालतो, मी मोजलं तर कधी ४० सेकंद, कधी जवळजवळ मिनिट. त्याच पासमधली ऑडिओ कॉमेंट्री मात्र बरीच पुढे असते. एरवी ह्याचं काही वाटणार नाही, मिड टेबलला असताना काय, पाच मिनिटं मागे असलं तरी चालतं. पण ड्रॉप झोनच्या, म्हणजे त्या खालच्या तीन नंबरांच्या, काठावर असताना एक मिनिट फार मोठं असतं हो. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, त्यातला एक जण फक्त स्कोअरचं ॲप बघतो कारण त्याला मॅच बघवत नाही. मार्चमध्ये एक सिक्स पॉइंटर होती, म्हणजे आमच्यासारखीच तळाशी अडकलेली टीम समोर, आम्ही १-० ने पुढे, ८८ वं मिनिट, माझ्या स्क्रीनवर आमचा गोलकीपर आरामात बॉल मांडतोय गोल किकसाठी, मोज्याला हात लावून टाइमपास करतोय, आणि फोनवर मेसेज येतो, "गेली रे." बस. दोनच शब्द. माझ्या स्क्रीनवर अजून काही झालेलंच नाही. मग पुढची ५० सेकंद मी बघतोय की हे आता कसं होणार, ही किक जाईल, तो हेड करेल, कुठून येणार गोल, आणि शेवटी आलाच, आमच्याच सेंटर बॅकच्या पायाला लागून. म्हणजे अपघात होणार हे माहीत असून गाडीत बसून राहायचं. तेव्हापासून मॅचच्या वेळी फोन फ्रिजवर ठेवतो, ग्रुपवर नियम केलाय की ९० मिनिटं कोणी काही लिहायचं नाही, तरी तो लिहितोच.

कॉमेंट्री ही ह्या पासमधली सगळ्यात भारी गोष्ट आणि तिला मी पाचपैकी पाच देतो. दोघं जण असतात, एक बरीच वर्षं ह्याच क्लबच्या मॅच सांगणारा आणि दुसरा क्लबचाच जुना डिफेंडर. न्यूट्रल बिट्रल काही नाही. आपला पेनल्टी नाकारला की डिफेंडर काका माइकवर काही बोलत नाहीत, फक्त खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो. टीव्हीवरच्या मोठ्या मॅचमध्ये सगळे आकडे, एक्सपेक्टेड गोल्स, हीट मॅप वगैरे, इथे मात्र "हा पोरगा सप्टेंबरपासून ह्या घोट्यावर खेळतोय" अशी माहिती मिळते, जी कुठल्याच मॅपवर नसते.

पण एक गोष्ट खटकली, खटकली म्हणजे फारच. साधारण डिसेंबरपासून ग्राउंडवर मालकाच्या विरोधात गाणी सुरू झाली. १८ व्या मिनिटाला उभं राहायचं, पाठ फिरवायची असा प्रकार. आणि मला घरी बसून लक्षात यायला लागलं की गाणं सुरू झालं की प्रेक्षकांचा आवाज बारीक होतो. आधी वाटलं माझा टीव्ही, मग ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांकडे तेच. स्ट्रीम क्लबची, माइक क्लबचे, आवाजाचं बटण पण क्लबचं, म्हणजे कोणाचं हे सांगायला नको. कॅमेरा तेवढ्यात हटकून कॉर्नर फ्लॅगवर जायचा. मी पैसे भरून स्टेडियमचा आवाज विकत घेतलाय आणि त्यातला नको तेवढा भाग मला न विचारता कापतायत, ह्याला मी सरळ फसवणूक म्हणतो. मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारच्या मॅचला काय झालं माहीत नाही, गाणं सुरू झालं, आवाज कमी झाला नाही, आणि दोन्ही कॉमेंटेटर एकदम गप्प बसले. जवळजवळ दोन मिनिटं फक्त ग्राउंड ऐकू येत होतं. मग त्या मोठ्या कॉमेंटेटरने शांतपणे सांगितलं, "थ्रो इन, आपला." बटणावर बसलेला तो जो कोणी माणूस होता त्याला माझा नमस्कार. पुढच्या मॅचपासून परत बारीक.

मेंबरशिपचा डबा ऑक्टोबरमध्ये आला. मफलर, बिल्ला, कार्ड आणि भिंतीवर लावायचं कॅलेंडर. मफलर मस्त आहे, जाड आहे, धुतल्यावर रंग गेला नाही. बिल्ल्याची पिन पहिल्याच दिवशी वाकली. कॅलेंडरबद्दल मात्र सविस्तर सांगतो. जानेवारीच्या पानावर आमचा विंगर, ॲकॅडमीतून आलेला पोरगा, वय २०, दोन्ही हात कानाला लावून सेलिब्रेशन. ट्रान्सफर विंडो, म्हणजे प्लेअर विकायची-घ्यायची मुदत, उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला विकला, पगार भागवायला विकला हे लपवायचा पण कोणी प्रयत्न केला नाही. फेब्रुवारीवर लोनवरचा गोलकीपर, त्याच्या मूळ क्लबने त्याला जानेवारीतच परत बोलावला. मार्चवर कॅप्टन, तो आहे. एप्रिलवर स्ट्रायकर, तो पण आहे म्हणजे पगारावर आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दिसत मात्र स्टँडमध्ये असतो. आणि डिसेंबरवर कोच, हसतमुख, हातात कॉफी, ज्याला नोव्हेंबरमध्येच काढला, कॅलेंडर भिंतीवर लागायच्या आधी! माझी बायको म्हणाली हे कॅलेंडर आहे की श्रद्धांजली. मी अजून उतरवलं नाहीये. सध्या कॅप्टनचं पान लावून ठेवलंय, महिना कुठलाही असो.

आता कस्टमर केअर. इथे मी आधी एक स्टार देणार होतो, अगदी लिहून ठेवला होता, मग बदलला, का ते सांगतो.

मार्चमध्ये मेल आला, पुढच्या सीझनचा पास आत्ताच घ्या, लवकर घेणाऱ्याला सवलत. पुढच्या सीझनला आपण कुठल्या डिव्हिजनमध्ये असू ह्याबद्दल अवाक्षर नाही. खाली प्रश्नोत्तरात मात्र एक ओळ, डिव्हिजन कुठलीही असली तरी पासचे दर तेच राहतील. वा. आणि ऑटो रिन्यू मी नोव्हेंबरमध्येच बंद केलं होतं, स्क्रीनशॉट आहे, तरी माझ्या कार्डावरून पैसे कापले गेले. मी मेल टाकला. ऑटोमॅटिक उत्तर आलं की तुमचा मेल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुसरा मेल टाकला, तेच. तिसरा मेल मी असा काही लिहिला की आता आठवला तरी मान खाली जाते, त्यात मी त्यांना चोर म्हटलं होतं आणि तुमच्या मालकासारखेच तुम्ही असं पण.

अकराव्या दिवशी उत्तर आलं, माणसाने लिहिलेलं. एका बाईंचं होतं. उशीर झाला, माफ करा, आमच्याकडे तिकीट आणि मेंबरशिपला आधी सात जण होते, आता आम्ही दोघीच आहोत, तुमचा स्क्रीनशॉट बघितला, चूक आमचीच आहे, रिफंडला फायनान्सची सही लागते ती मी सोमवारी स्वतः जाऊन घेते. शेवटी लिहिलं होतं, शनिवारी तीन पॉइंट मिळू देत. मेलची वेळ बघितली तर रविवार सकाळ. आणि त्याच आठवड्यात बातमी होती की ऑफिस स्टाफचा पगार प्लेअर्सच्या पण नंतर झाला. बुधवारी माझे पैसे परत आले, पै न् पै. मी सॉरीचा मेल टाकला, त्याला उत्तर आलं नाही, येणार कुठून, तिच्या पुढ्यात माझ्यासारखे हजार चिडलेले असतील.

तर आता ह्या सर्व्हिसला मी काय स्टार देऊ? सिस्टिमला शून्य. बाईंना पाच. पण घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात ना, इथे वासे अजून धरून आहेत आणि घरच फिरलंय.

आता तो भाग ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो, कारण पासच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. क्लब मार्चमध्येच पुढच्या वर्षाचे पास का विकतात? कारण मे ते ऑगस्ट ग्राउंडवर मॅच नाही, गेटचे पैसे नाहीत, पगार मात्र दर महिन्याला. बरे चाललेले क्लब पण लवकर विकतात, त्यात गैर काही नाही. पण पैशांची तंगी असलेल्या क्लबमध्ये तुमच्या पुढच्या वर्षीच्या मॅचचे पैसे ह्या महिन्याच्या पगाराला जातात, पुढच्या वर्षी मग त्याच्या पुढच्या वर्षाचे. आपण पास घेतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण क्लबला उधार दिलेले असतात, तेही बिनव्याजी आणि तारणाशिवाय.

आणि क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हातात गेला, की पहिलं लीग १२ पॉइंट कापते. आम्हाला आत्ता १२ कापले तर आम्ही थेट तळाला. विगन क्लबचं २०२० मध्ये हेच झालं, नवीन मालक येऊन महिना पण झाला नव्हता आणि १ जुलैला क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, त्यानंतर पोरांनी हल सिटी क्लबला ८-० हाणलं, पॉइंट कापले नसते तर १३ वे आले असते, कापले म्हणून २३ वे आणि खाली. डर्बी क्लबचं त्याच्या पुढच्या वर्षी, १२ ॲडमिनिस्ट्रेशनचे आणि ९ हिशोबातल्या भानगडीचे, एकूण २१, इंग्लंडचा जुना स्टार वेन रूनी कोच होता, टीम जीव तोडून खेळली, मैदानावर वाचण्यापुरते पॉइंट कमावले पण होते, तरी उतरली. ह्यात फॅनने काय चूक केली होती? काही नाही. मालकाने प्रीमियर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनच्या, नादात उत्पन्नापेक्षा जास्त पगार वाटले, जमलं नाही, आणि शिक्षा टेबलवर, म्हणजे फॅन जिथे रोज सकाळी बघतो तिथेच.

बरं मग उरलेले पैसे कोणाला मिळतात त्याची एक रांग असते. इंग्लिश लीगचा नियम असा की प्लेअर आणि दुसरे क्लब ह्यांचं फुटबॉलमधलं देणं पूर्ण चुकतं करायचं, नाहीतर लीगमध्ये राहता येत नाही. बाकी साध्या देणेकऱ्यांना पौंडामागे निदान २५ पेन्स द्यायचे, नाही दिले तर अजून १५ पॉइंट. म्हणजे करोडपती मिडफिल्डरला पूर्ण आणि ज्याने ग्राउंडचे नळ दुरुस्त केले त्याला चार आणे. २०१० मध्ये पोर्ट्समथ बुडाला, प्रीमियर लीगमध्ये असताना ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलेला पहिला क्लब, दोनच वर्षांपूर्वी एफए कप, म्हणजे इंग्लंडमधला मोठा नॉकआउट कप, जिंकलेला, त्याच्या देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सवाले पण होते, जे स्वयंसेवक मॅचला कोणी चक्कर येऊन पडलं तर धावतात ते. सीझन पासवाला ह्याच रांगेत, मागे. क्लब चालू राहिला तर पास सहसा चालतो, ते खरंय, कारण नवीन मालकाला पहिल्याच दिवशी फॅन्सशी वाकडं घ्यायचं नसतं. पण क्लब बंदच पडला तर तो पास म्हणजे नुसता कागद, आणि आपला तर कागद पण नाही, ॲपमधला क्यूआर कोड.

बंद पडतो का असा क्लब? पडतो. बरी नावाच्या क्लबचं बघा. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, १९०३ ची फायनल ६-० ने. २०१९ मध्ये हे लोक प्रमोशन मिळवून वर गेले होते, मैदानावर सगळं चांगलं चाललं होतं. ऑगस्टच्या २७ तारखेची मुदत होती, त्या दिवशी एक खरेदीदार येणार म्हणून फॅन्स बादल्या आणि फडकी घेऊन गिग लेनवर, म्हणजे बरीच्या ग्राउंडवर, जमले, मॅचसाठी ग्राउंड तयार करायला खुर्च्या पुसत होते. खरेदीदाराने माघार घेतली आणि रात्री लीगने क्लबला काढून टाकलं. नव्या डिव्हिजनमध्ये एकही मॅच न खेळता. रेलिगेशनला घाबरणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो, उतरणं परवडलं, खालून वर येता येतं. ल्यूटन क्लबने २००८-०९ सीझन उणे ३० पासून सुरू केला होता, उणे तीस! लीगच्या बाहेर फेकले गेले, पाच वर्षं तिथे काढली आणि २०२३ मध्ये प्रीमियर लीगला पोचले. तिथून परत दोन वर्षांत दोन पायऱ्या खाली आले ती गोष्ट वेगळी, पण मॅच तर आहे दर शनिवारी.

मग अशा क्लबला पैसे द्यायचे की नाही द्यायचे, ह्यावरून आमच्या ग्रुपमध्ये जानेवारीत इतकं वाजलं की एक जण ग्रुप सोडून गेला, दोन दिवसांनी आला परत. त्याचं म्हणणं मालक जाईपर्यंत एक पै नाही, पास नाही, जर्सी नाही, आपणच पैसे देतो म्हणून तो टिकून आहे. दुसरा म्हणतो आपण नाही दिले तर पहिला पगार त्या ऑफिसातल्या लोकांचा जाणार, मालकाचा नाही. दोघांचं बरोबर आहे आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. शेफील्ड वेन्सडे क्लबचं बघा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मालकाने उघड सांगितलं की २० हजार फॅन्सनी १०० पौंड दिले तर २० लाख जमतील आणि देणी भागतील. लोकांनी काय म्हटलं असेल ते तुम्हीच समजा. पुढे २०२५ मध्ये पगार रखडायला लागले, फॅन्सनी दुकानातून काही घ्यायचं नाही ठरवलं, ऑक्टोबरमधल्या मिडल्सब्रो मॅचला तर ग्राउंड जवळजवळ ओस पडलं. दोन दिवसांनी क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे मालकाच्या हातातून सुटला, १२ पॉइंट गेले, टेबलवर उणे आकडा, आणि त्याच दिवसापासून क्लबच्या दुकानाबाहेर रांगा. जर्सी, मफलर, मग, जे मिळेल ते. काल एक पै न देणारे लोक आज पिशव्या भरून नेतायत. मला त्या रांगेचे फोटो बघून आमच्या ग्रुपमधलं भांडण पहिल्यांदा कळलं. पैसे वाचवायचे नव्हतेच कोणाला, ते कोणाच्या हातात पडतात एवढाच प्रश्न होता.

२०२५ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र रेग्युलेटरचा कायदा झालाय, मालकांची आणि क्लबच्या पैशांची तपासणी वगैरे त्याच्याकडे. चांगलंय. आमच्या मालकाच्या वेळी असता तर अजून चांगलं झालं असतं.

आता घ्यायचा असेल त्यांच्यासाठी माझं मत. क्लबची तब्येत ठीक असेल तर वर्षाचा पास बिनधास्त घ्या, मॅचमागे हिशोब केला तर स्वस्त पडतो आणि कॉमेंट्रीसाठी तर घ्याच. पण पगार उशिरा झाल्याची बातमी एकदा जरी आली असेल, किंवा टॅक्सवाल्यांनी कोर्टात क्लब गुंडाळायचा अर्ज केलाय असं कानावर आलं असेल, तर वर्षाचा नका घेऊ, मॅचपुरता घ्या. महाग पडतो, पडू दे. तेवढ्यात तुम्हाला मॅच दिसते, त्या आठवड्याचे पैसे त्या आठवड्यात क्लबला मिळतात आणि पुढच्या वर्षाचे पैसे तुम्ही क्लबला उधार दिलेले नसतात. डेबिटपेक्षा क्रेडिट कार्डाने भरा, वाद घालायला बँक तरी सोबत असते. सवलतीच्या मुदतीला भुलू नका, आमच्या क्लबने ती मुदत तीनदा वाढवली. डबा हवा असेल तर फक्त मफलरसाठी घ्या, आणि क्लब अडचणीत असेल तर प्लेअरचं नाव छापलेलं काहीही, म्हणजे काहीही, जानेवारीच्या आधी घेऊ नका. माझ्या भाच्याने त्या विंगरच्या नावाची जर्सी नाताळात घेतली होती, त्याचं काय झालं ते विचारू नका.

स्ट्रीमला साडेतीन, लॅगसकट. कॉमेंट्रीला पाच. डब्याला दोन, मफलरमुळे. प्रेक्षकांचा आवाज बारीक करण्याला काय द्यायचं ते मला कळत नाही, रेटिंगमध्ये उणे टाकता येत नाही म्हणून, क्लबला मात्र टाकता येतं. एकूण पाचपैकी अडीच.

शनिवारी शेवटची मॅच आहे. ती टीव्हीने उचललेली नाही, पासवर दिसणार आहे. जिंकलो तर दुसऱ्या कोणाकडे बघायची गरज नाही. ड्रॉ झाली तर अजून दोन ग्राउंडवर काय होतंय ते बघावं लागेल, आणि ते माझ्या स्क्रीनवर काय होतंय त्याच्या मिनिटभर आधी मला कळणार. फोन ह्या वेळी फ्रिजवर नाही, शेजाऱ्यांकडे ठेवून येणार आहे. ऑटो रिन्यू बंद आहे का ते आज परत दोनदा तपासलं. बंद आहे.